दोनशे छप्पन्नावं घर

सोलापुरात माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, हा मल्लिनाथ घासाघीस करायला बसला की समोरच्याला घाम फुटतो. दोन, यानं व्यंकय्या मास्तरांची डिझाइनं बिघडवली. पहिली गोष्ट खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. दुसरीवरून मी चार वर्षं भांडलो. चहाच्या टपरीवर भांडलो, लग्नाच्या मांडवात भांडलो, एकदा तर दवाखान्यात सलाईन चालू असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी भांडलो. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शुक्रवार पेठेत माझं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या झेरॉक्स मशीनवर कागद सरकवण्यापासून झाली. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरीचे कारखानदार त्यांच्या नक्ष्यांच्या फाइली माझ्याकडे ठेवतात. शाळा, पतसंस्था, एक-दोन डॉक्टरही ठेवतात. फाइल ठेवणं सोपं आहे. ठेवलेली फाइल अजून तीच आहे, हे छातीठोक सांगणं अवघड. टॉवेल कुजला तर वास येतो, उंदरानं कुरतडला तर भोक दिसतं. डिस्कमधली फाइल आतल्या आत सडते आणि वरून नाव तेच, आकार तोच. कुणी मुद्दाम एक आकडा बदलला तरी कळत नाही.

यावर उपाय म्हणजे हॅश ट्री. आम्ही दुकानात त्याला नुसतं ‘झाड’ म्हणतो. मशीन प्रत्येक फाइलचा एक ठसा काढतं. फाइल एका पानाची असो की हजार पानांची, ठसा तेवढाच: दोनशे छप्पन्न खुणा, प्रत्येक खूण काळी नाहीतर पांढरी. फाइलीत एक टिंब जरी हललं तरी नव्या ठशातल्या साधारण निम्म्या खुणा उलटतात. मग दोन फाइलींचे ठसे शेजारी ठेवून त्या जोडीचा एक ठसा काढायचा. अशा दोन जोड्यांचा मिळून आणखी एक. असं वर वर जात शेवटी एकच ठसा उरतो, तो सगळ्यांचा. त्याला मूळ म्हणतात. आमचं झाड उलटं आहे, पानं खाली आणि मूळ वर. मूळ जुळलं की खालच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा आहेत. नाही जुळलं तर एक पायरी उतरायची, डावी फांदी बिघडली की उजवी ते बघायचं, बिघडलेली धरून आणखी खाली. आठशे फाइलींतली नासलेली एक फाइल दहा पायऱ्यांत सापडते. ती दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीवरून बदलली की झालं.

एका कारखानदाराची नासलेली फाइल मी अशी काढून दाखवली तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे हुतं तसंच झालं की. मग तुमी केलं काय?”

हा आमच्या धंद्याचा मान.

एकदा एका शिक्षणसंस्थेचे सचिव आले. जुन्या सभांची इतिवृत्तं माझ्याकडे होती. पिशवीतून एक कागद काढून म्हणाले, “मल्लूशेठ, हा तेवढा मधी सरकवा.”

“सरकवतो. मूळ बदलेल.”

“बदलू द्या की. कोण बघतंय?”

“तुमच्या संस्थेच्या सातही सभासदांकडे जुनं मूळ लिहून दिलंय. तुम्हीच द्यायला लावलं होतं.”

सचिवांनी कागदाची घडी घातली. “तवा अध्यक्ष दुसरा हुता हो,” म्हणाले आणि कागद परत पिशवीत घातला.

यात महत्त्वाचं हे की मूळ नुसतं माझ्याकडे असून चालत नाही. ज्याचा माल त्याच्याकडे ते हवं, म्हणजे राखणदारानंच चोरी केली तरी पकडता येते. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. व्यंकय्या मास्तरांनाही ऐकवलं होतं.

मास्तर म्हणजे आमच्याकडचे जुने नक्षीकार. घरची भाषा तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. पूर्वी चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर रंगवत. एक चौकोन, त्याला घर म्हणायचं, भरलं तर धागा वर, रिकामं तर खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते पत्ते मागावर चढायचे. मास्तरांनी उभ्या आयुष्यात आठशेच्या वर ग्राफ रंगवले. मोर, कमळं, वेली, मंदिराच्या कमानी. तुमच्या आजोळी अंथरुणाच्या ढिगात एखादी चादर असेल तर ती मास्तरांची असायची बरीच शक्यता आहे. त्यांचं नाव कुठल्याच चादरीवर नाही.

कारखान्यांत संगणकावर चालणारे माग आले आणि मास्तर सगळे ग्राफ दोन पत्र्याच्या पेट्यांत घालून रिक्षानं माझ्या दुकानी आले.

“मल्लू, हे समदं तुज्या मशिनीत घाल. जसं हाय तसं. एक घर हलता कामा न्हाय.”

“हलणार नाही, मास्तर.”

“मी बाजूला बसून बघणार. एकेक कागद.”

आठशे कागद आणि शेजारी मास्तर! मी हिशेब केला, दोन महिने हा माणूस माझ्या खुर्चीवर. मग मी घासाघीस सुरू केली. म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाही. म्हटलं, एकदा नमुना बघा, बाकी माझ्यावर सोडा. ते शंभरावर आले. मी पाचावर होतो. दुपारपर्यंत दहावर सौदा ठरला. पहिले दहा कागद त्यांच्या डोळ्यांदेखत, बाकीचे माझे मी.

उठताना म्हणाले, “तू जिंकलास गा.”

मला गुदगुल्या झाल्या होत्या.

काम संपल्यावर झाड उभं केलं आणि मास्तरांना बोलावलं. मूळ इंग्रजी अक्षरांत लिहितात, चौसष्ट अक्षरं. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. मला एक युक्ती सुचली, आणि या धंद्यात मी केलेल्यांपैकी ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं अजूनही वाटतं. दोनशे छप्पन्न खुणा म्हणजे सोळा गुणिले सोळा. मी पडद्यावर सोळा ओळी सोळा स्तंभांचा चौकोन काढला आणि मूळ काळ्या-पांढऱ्या घरांत मांडलं.

मास्तर खुर्चीवरून पुढं सरकले. “आरं, हा तर ग्राफ हाय की!”

मी एका नक्षीतलं एक घर बदलून दाखवलं. चौकोन पार वेगळा झाला. परत पूर्ववत केलं, चौकोन परत आला. त्यांनी मला चार वेळा ते करायला लावलं. “एका घरासाठी एवढा दंगा व्हय? लई तिखट झाड हाय तुजं.”

मग खिशातून पेन काढून त्यांनी ते मूळ ग्राफच्या तुकड्यावर स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. भूमितीची पट्टी नाही, खाडाखोड नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि छातीच्या खिशात ठेवलं.

त्यानंतर दर वर्षी खंडेनवमीला मास्तर दुकानी यायचे. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. मी संगणकाला झेंडूचा हार घालायचो, झाड चालवायचो, मूळ पडद्यावर आणायचो. मास्तर पाकीट काढून कागद आणि पडदा घराघरानं ताडून बघायचे. बोट कागदावर फिरायचं, ओठ हलायचे. शेवटी म्हणायचे, “बराबर हाय.” मग पेढा. आमच्या दुकानाला खंडेनवमी लागली ती मास्तरांमुळं.

मधल्या एका पावसाळ्यात त्यांच्या घराच्या भिंतीला ओल आली आणि पेट्यांतल्या ग्राफला वाळवी लागली. “काय करू रं?” म्हणून विचारायला आले होते. मीच सांगितलं, “टाका रद्दीत. झाड आहे ना!” त्यांनी टाकले.

आता भांडण.

पाच वर्षांपूर्वी, भर दुपारी, दुकानात दोन कारखानदार बसलेले असताना मास्तर आले. काखेत नवी चादर. माझ्याकडच्या फाइलीवरून एका कारखान्यानं विणलेली, त्यांना कुणाच्या तरी लग्नात आहेरात मिळालेली. काउंटरवर पसरली.

“हे माजं न्हाय.”

“तुमचंच आहे, मास्तर. मोराची कमान.”

“मोर माजाच. चादर माजी न्हाय. तू बदललंस.”

दोन गिऱ्हाइकांसमोर, ज्या गोष्टीवर माझं दुकान उभं आहे तीच. माझं डोकं फिरलं. “काय बदललं ते दाखवा!”

“ते सांगायचं नसतंय. तूच शोध.”

“वा! चोर म्हणायचं आणि चोरी सांगायची नाही?” मी तिथल्या तिथं झाड चालवलं. मूळ पडद्यावर आणलं. जुन्या नोंदीशी जुळत होतं, अक्षर न अक्षर. “बघा. एक घर हललेलं नाही.”

“तुजी नोंद तुज्यापाशी.” मास्तरांनी खिशातलं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. “दर साली मी बघतो. आज तू बघ.”

मी कागद हिसकावला. वरच्या दोन-तीन ओळी बघितल्या. तोच होता. “जुळतंय!”

“नीट बघ.”

“बघितलं!”

“मल्लू, नीट बघ.”

मी कागद काउंटरवर आपटला आणि जे बोललो ते लिहायलाच हवं. म्हणालो, “झाड खोटं बोलत नाही, मास्तर. डोळे गेले असतील तर तुमचे गेलेत. घरी बसा आता.”

मास्तरांनी कागद उचलून पाकिटात घातला, चादर घडी घालून घेतली. दारातून एवढंच म्हणाले, “झाडाला तू जे चारलंस तेच ते वकणार की.”

मला ते म्हाताऱ्याचं कडवट बोलणं वाटलं.

पुढं बातमी पसरली. मास्तर कुणी विचारलं तर एवढंच सांगत, “त्याच्याकडं माजा माल बदलला.” काय बदललं ते सांगत नसत. सात कारखाने माझ्याकडून गेले. मी प्रत्येकाला मूळ दाखवलं, झाड समजावलं. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “ते खरं हो, पण मास्तर उगं बोलणार न्हाईत.” गणित माझ्या बाजूनं आणि गाव मास्तरांच्या. त्या खंडेनवमीला ते आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी ते गेले. मयतीची बातमी मला वेळेवर कळली होती. मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. वाटलं, माफी न मागता गेले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची मुलगी भारती दुकानी आली. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. सायकल बाहेर लावून आत आली तेव्हाच मी म्हणालो, “आता काय राहिलंय?”

“भांडायला न्हाय आले, अण्णा. कागद द्यायला आले. नाना म्हणले हुते, मल्लूला दे. तो बघंल.”

तेच पाकीट. कडेला प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. मी तिला बसायलाही सांगितलं नाही. मनात एकच, हिच्यासमोर एकदाचं सिद्ध करून टाकतो. मूळ पडद्यावर आणलं, कागद शेजारी धरला आणि पहिल्यांदाच पहिल्या घरापासून बोट फिरवायला लागलो. काळं, काळं, पांढरं, काळं. एक ओळ, दोन ओळी, दहा ओळी. चौदाव्या ओळीत, डावीकडून चौथं घर. पडद्यावर पांढरं, कागदावर काळं.

डोळे चोळले. पुन्हा बघितलं. बाकीची दोनशे पंचावन्न जुळत होती. ते एक नव्हतं.

या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं की हे असं होऊच शकत नाही. फाइलीत काही हललं असतं तर शंभर-सव्वाशे घरं उलटली असती. एकच घर वेगळं म्हणजे मशीननं नव्हे, हातानं केलेलं. मी म्हणालो, “मास्तर उतरवताना चुकले म्हणायचे.”

भारती हसली. “नाना घर चुकत्यात व्हय? ती तीट असंल.”

“कसली तीट?”

“पोराच्या गालाला लावत्यात की काजळाची, तसली. नाना परतेक नक्षीत एक घर उगंच भरायचे. रिकाम्या जागी, एकटंच. कुटं ते आमाला बी सांगायचे न्हाईत. सांगितली की उतरती म्हणायचे.”

मी पहिल्या दहा फाइली उघडल्या, मास्तर शेजारी बसले होते त्या. मोठ्या करून शोधल्या. दहाच्या दहा नक्ष्यांत, कुठंतरी कोपऱ्यात, कमळापासून लांब, वेलीच्या बाहेर, एक घर एकटं भरलेलं होतं. अकरावी उघडली. स्वच्छ. बारावी. स्वच्छ. चाळीसाव्या फाइलीपर्यंत गेलो आणि थांबलो.

मला आठवलं. ग्राफवर शाईचे थेंब होते, माश्यांचे डाग होते, चहा सांडलेला होता. मास्तर उठून गेल्यावर मी स्कॅनरचं साफसफाईचं बटण दाबून ठेवलं होतं. ते एकटी पडलेली टिंबं पुसून टाकतं. नक्षीतल्या घराला कुठं ना कुठं शेजार असतो, एकटं घर म्हणजे घाण, असं ते धरून चालतं. मीही धरून चाललो. वर कौतुकानं स्वतःशीच म्हणालो होतो, बघ कसं लख्ख झालं. आणि त्या लख्ख फाइलींवर झाड उभं केलं. झाड इतकी वर्षं खरंच बोलत होतं: तू दिलंस ते जसंच्या तसं आहे. मी देताना काय दिलं, ते झाडाला कसं कळावं?

मास्तरांना चादरीवर हात फिरवल्याबरोबर कळलं. सांगितलं तर तीट उतरणार. म्हणून त्यांनी मला कागद दिला. त्यातही तीट होती. मी एकदा शेवटपर्यंत बघितलं असतं तर तिथंच अडखळलो असतो, विचारलं असतं, आणि मला काही न सांगता त्यांना सगळं सांगता आलं असतं. तीनदा सांगितलं माणसानं, दोनदा तर शब्दशः, नीट बघ.

भारतीला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “नाना रागावले नव्हते,” म्हणाली. मग दाराशी जाऊन, “न्हाय, रागावले हुते. खोटं कशाला बोलू?”

मी तिच्याशी या एका गोष्टीवर घासाघीस केली नाही.

माझी तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही, हेही लिहून ठेवतो. मास्तर, तीट गेली तर गेली, एकदा कान धरून सांगायचं होतं. मी ऐकलं नसतं, हेही खरं. पण सांगायचं होतं.

गेले वर्षभर मी जुन्या, पत्त्यांवर विणलेल्या चादरी शोधतोय. लोकांच्या पेट्या, माळे, दवाखान्यांतल्या खाटा. भारती सुटीच्या दिवशी बरोबर येते, तेलुगू घरांत तीच बोलते. चादर उन्हात धरायची आणि वीत-वीत करून बघायची. एकसष्ट तिटा सापडल्या. त्या एकसष्ट फाइली दुरुस्त करून त्यांचं वेगळं झाड लावलंय, त्याचं मूळ भारतीच्या घरी असतं. सातशेच्या वर राहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चादरी एव्हाना फाटून पायपुसणी झाल्या असतील. त्या नक्ष्यांची तीट आता जगात कुठंच नाही. आठशे फाइलींत नासलेली एक मी दहा पायऱ्यांत शोधून देतो, पण मी स्वतः पुसलेलं शोधायला झाड नाही.

जुनं झाडही मी तोडलेलं नाही. यंदाच्या खंडेनवमीला ते चालवलं, मूळ पडद्यावर आणलं आणि मास्तरांचा कागद शेजारी ठेवून पहिल्या घरापासून बोट फिरवलं. घाईत असलेलं एक गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला थांबवलं. दोनशे पंचावन्न जुळली. चौदाव्या ओळीतलं चौथं जुळलं नाही. मग मी म्हणालो, “बराबर हाय,” आणि पेढा भारतीच्या हातावर ठेवला.